स्टिम्युलेटर बसवल्यानंतरचे तीन महिने: कसबा बावड्यातलं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ४८. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत मोल्डिंग विभागाचा सुपरवायझर. घर कोल्हापूरच्या कसबा बावड्यात, खाली दोन खोल्या, वर एक, मोरी आणि संडास जुन्या पद्धतीचे. घरात आई, पत्नी आणि कॉलेजला जाणारी मुलगी. (ही कुणा एकाची फाइल नाही. अशा रुग्णांमध्ये पुन्हापुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका प्रकरणात बांधल्या आहेत.)

मणक्याची दोन ऑपरेशनं आधी झालेली होती. पहिलं सरकलेली गादी काढण्याचं, दुसरं कमरेचे खालचे मणके स्क्रू आणि रॉडने जोडण्याचं. एमआरआयमध्ये नस मोकळी, स्क्रू जागच्या जागी, तरी डाव्या पोटरीपासून अंगठ्यापर्यंत आग होत होती. दुखणं दहापैकी आठ. दोनशे मीटर चाललं की बसायला जागा शोधायची. नसेच्या दुखण्यावरची गोळी प्रीगॅबलिन १५० मिलिग्रॅम दोन वेळा आणि वर ट्रॅमाडॉल हे जोरकस वेदनाशामक, तरी रात्री सलग तीन तास झोप नाही. दाबाचं कारण दूर झालं, पण खुद्द नस दुखण्याचे संदेश पाठवत राहते, अशी ही अवस्था. इथे तिसरं ऑपरेशन करून काही हाती लागत नाही. स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर, म्हणजे मज्जारज्जूजवळ सौम्य विद्युत स्पंदनं देणारं यंत्र, मुख्यतः याच रुग्णांसाठी आहे.

यंत्राचे भाग थोडेच. प्रत्येकी आठ संपर्कबिंदू असलेल्या दोन बारीक तारा, म्हणजे लीड. त्या मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या मोकळ्या जागेत मागच्या बाजूने सरकवतात आणि वरचं टोक पाठीच्या आठव्या-नवव्या मणक्याशी ठेवतात. तारा कातडीखालून नेऊन कुल्ल्याच्या वरच्या भागात बसवलेल्या बॅटरीला जोडतात. सौम्य विद्युत स्पंदनांनी दुखण्याचा संदेश मेंदूपर्यंत पोचताना मंदावतो. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी ‘गेट कंट्रोल’ सिद्धांत (मज्जारज्जूत दुखण्याचे संदेश अडवू शकणारं जणू एक फाटक असतं) मांडला आणि १९६७ मध्ये अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी असं पहिलं यंत्र बसवलं. म्हणजे तंत्र नवं नाही. आपल्याकडे ते महाग आहे, खर्च लाखांत जातो, म्हणून कमी दिसतं.

ऑपरेशनआधी दोन अडथळे निघाले. एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ८.६ होतं आणि तोंडात तंबाखू होती. साखर वाढलेली असेल तर जखम उशिरा भरते आणि यंत्रावर जंतू बसण्याचा धोका वाढतो. निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा आकसतो. ऑपरेशन दोन महिने पुढे ढकललं, आकडा ७.३ वर आला, तंबाखू सुटली. रुग्ण या थांबण्यावर चिडतात, पण यंत्रात एकदा पू झाला की बहुतेक वेळा सगळा संच काढावा लागतो. त्यापुढे दोन महिने काहीच नाहीत.

चाचणीचा आठवडा

कायमचं यंत्र बसवण्याआधी तारा तात्पुरत्या घालून बॅटरी बाहेर कमरेला लावतात. इथे ती सात दिवस होती, पुण्यात. दुखणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झालं आणि चालणं-झोप सुधारली, तर पुढे जायचं असा सर्वसाधारण नियम आहे. या काळात बरेच जण जपून जपून अंथरुणातच पडून राहतात आणि मग आराम पडण्याने वाटला की यंत्राने, हे कळायलाच मार्ग उरत नाही. चाचणी असते ती रोजच्या त्रासाच्या कामांसाठी. वाकणं, पिळणं, आंघोळ वर्ज्य. पण चालायचं, जिना चढायचा, खुर्चीत तासभर बसून बघायचं. या रुग्णाने रोज वहीत तीनच गोष्टी लिहिल्या: किती मिनिटं चाललो, किती तास झोपलो, दुखणं किती. आठाचं तीन झालं, झोप पाच तासांवर गेली. निर्णय सोपा झाला.

बॅटरीची जागा आधीच ठरवून घ्यावी आणि ती रुग्णाला बसवून, पँट घातलेली असताना पेनने आखून घ्यावी. पट्ट्याच्या रेषेखाली, पण खुर्चीत टेकणाऱ्या हाडाच्या वर. साडी नेसणाऱ्या बाईच्या बाबतीत परकराची नाडी कुठे आवळली जाते तेही बघायचं. या रुग्णाला डाव्या कुशीवर झोपायची सवय, म्हणून बॅटरी उजवीकडे घेतली. मागच्या खिशातलं पाकीट मात्र त्याला कायमचं पुढच्या खिशात न्यावं लागलं.

पहिले पंधरा दिवस

ऑपरेशन जूनअखेर झालं. जखमा दोन: पाठीच्या मध्यावर साधारण चार-पाच सेंटिमीटरची आणि बॅटरीवरची थोडी मोठी. तिसऱ्या दिवशी मोटारीने कोल्हापूर. पुण्याहून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटरचा हा प्रवास तासाभराने थांबत करायचा. सीट थोडी मागे कललेली आणि प्रत्येक थांब्यावर पाच मिनिटं उभं राहणं. उतरताना दोन्ही पाय एकदम बाहेर काढायचे, मग उठायचं. एक पाय बाहेर आणि धड आत, या नेहमीच्या सवयीत कंबर पिळली जाते.

घरात आधी करून ठेवायची कामं पत्नीने चोख केली होती. भारतीय संडासावर कमोडची खुर्ची आली. मोरीत पाटाऐवजी उंच प्लास्टिकचं स्टूल, आणि बादली दुसऱ्या स्टुलावर, म्हणजे तांब्या घ्यायला वाकावं लागत नाही. पलंग गुडघ्याच्या उंचीचा, कारण जमिनीवरच्या गादीवरून उठताना कंबर वाकतेच. जेवण टेबलावर. रोजची औषधं, चार्जर, पाण्याची बाटली छाती ते कंबर या उंचीत. चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सँडल. पाय आधीच थोडा बधिर, त्यात पावसाने ओली फरशी आणि गुळगुळीत तळाची कोल्हापुरी.

पहिले सहा ते आठ आठवडे नियम तीन: वाकायचं नाही, उचलायचं नाही, पिळायचं नाही. जोडीला हात डोक्यावर ताणायचे नाहीत. उचलण्याची मर्यादा दोन-अडीच किलो, म्हणजे पाण्याची दोन लिटरची एक बाटली. पंधरा लिटरची भरलेली बादली पंधरा किलोची असते आणि भरलेला गॅस सिलिंडर तीसच्या आसपास. हे आकडे एकदा कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावले की वाद मिटतात. उठताना लाकडाच्या ओंडक्यासारखं सगळं अंग एकत्र कुशीवर वळवायचं, पाय पलंगाबाहेर सोडायचे, हाताने रेटून बसायचं.

या नियमांमागचं कारण साधं आहे. लीड पाठीच्या घट्ट पडद्याला एका छोट्या बूचासारख्या तुकड्याने शिवलेली असते, पण त्या टाक्यापासून वरच्या टोकापर्यंतचा भाग आत मोकळाच असतो. भोवती तंतुमय पेशींचं वेष्टण धरायला सहा-आठ आठवडे जातात. तोवर वाकलं की तार खालून ओढली जाते. लीड सरकणं ही यंत्राच्या बाबतीतली सर्वांत नेहमीची बिघाडाची तऱ्हा आहे.

जखमेबद्दल मुद्दे मोजकेच. टाके मधुमेहामुळे चौदाव्या दिवशी काढले. तोवर ओल्या फडक्याने अंग पुसणं. नंतर वरून पाणी घेता येतं, पण नदी, विहीर, टब चार ते सहा आठवडे बंद. नवव्या दिवशी बॅटरीवर मऊ फुगवटा आला. कातडी गरम नाही, लाली नाही, ताप नाही. हे बहुधा साचलेलं द्रव असतं आणि पोटाच्या पट्ट्याने हलका दाब दिल्यावर हळूहळू जिरतं. इथे घरच्यांनी गल्लीतल्या दवाखान्यात सुई लावून पाणी काढून घ्यायचं ठरवलं होतं. ते वेळेवर थांबवलं हे बरं झालं, कारण सुईबरोबर जंतू थेट यंत्रापर्यंत जाऊ शकतात. तसंच मेडिकलमधून आपणहून अँटिबायोटिक घेऊ नये. खरा संसर्ग असला तर तो झाकला जातो आणि तपासणीत जंतू सापडत नाही. लाली पसरत गेली, पू आला, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला किंवा कमी होत आलेलं जखमेचं दुखणं उलट वाढू लागलं, तर त्याच दिवशी सर्जनला कळवायचं.

आणि एक गोष्ट पुण्याला फोन लावत बसण्याची नाही. पायात नव्याने कमजोरी आली, लघवी अडली किंवा नकळत झाली, दुचाकीच्या सीटला टेकणारा भाग बधिर झाला, पाठीत एकाएकी असह्य कळ आली, तर मज्जारज्जूवर रक्त साचून दाब पडलेला असू शकतो. अशा वेळी काही तासांतच ऑपरेशन व्हावं लागतं. न्यूरोसर्जन असलेलं कोल्हापुरातलंच रुग्णालय गाठायचं आणि यंत्राचं ओळखकार्ड बरोबर न्यायचं. एमआरआय होऊ शकतो की नाही हे यंत्राच्या मॉडेलवर असतं आणि होत असला तरी आधी यंत्र एमआरआय मोडमध्ये टाकावं लागतं. यंत्राचा रिमोट घरी विसरला तर तिथेच घोटाळा होतो. बसलं-उभं राहिलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं, असं झालं तर पाठीतलं पाणी झिरपत असावं. तेही कळवायचं, पण तेवढी धावपळ नको.

तिसरा आठवडा: आराम पडू लागतो

पहिल्या काही दिवसांत सेटिंग रोज वेगळं जाणवतं आणि रुग्ण घाबरतो. उताणं झोपलं की मज्जारज्जू तारांच्या जवळ येतो आणि यंत्राच्या झिणझिण्या जोरात वाटतात. उभं राहिलं की मध्ये द्रवाचा थर वाढतो आणि त्या मंदावतात. म्हणून झोपण्याआधी रिमोटवर जोर एक-दोन पायऱ्या उतरवायचा. यात बिघाड काही नसतो. ज्या यंत्रात झिणझिण्या जाणवतच नाहीत, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न फारसा येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात रुग्ण अर्धा तास चालू लागला, रंकाळ्याला जाऊन यायची भाषा सुरू झाली. प्रीगॅबलिन डॉक्टरांनी ७५ वर आणलं. (ही गोळी आपणहून एकदम बंद करू नये, झोप उडते, घाम येतो, चिडचिड होते.) याच काळाला खरं जपायचं असतं. दुखत असतं तेव्हा माणूस आपोआप नियम पाळतो. दुखणं थांबलं की शरीराची राखण करणारा एकमेव पहारेकरी उठून जातो, आणि तार मात्र अजून पुरती धरलेली नसते.

फाउंड्रीतला सहकारी भेटायला आला आणि म्हणाला, “भावा, तालमीतल्या वस्तादांकडनं कंबर एकदा चोळून घे, मोकळी हुतीय.” कोल्हापुरात हा सल्ला प्रेमाने आणि हमखास मिळतो. पाठीवर दाबून मालीश, कंबर मोडून घेणं, हाडवैद्याचा झटका हे सगळं बंद. फिजिओच्या दवाखान्यातलं शॉर्टवेव्ह डायथर्मी, मायक्रोवेव्ह आणि अल्ट्रासाउंडचा शेक तर यंत्र असेपर्यंत कायमचा वर्ज्य. त्याची ऊर्जा तारेतून जाऊन टोकाशी मज्जारज्जूजवळची जागा भाजू शकते, यंत्र बंद असलं तरीही. कमरेला कुठलाही विजेचा शेक लावण्याआधी कार्ड दाखवायचं. दातांच्या किंवा इतर ऑपरेशनातही कॉटरी (विजेने रक्तस्राव थांबवायचं उपकरण) वापरणाऱ्यांना आधी सांगायचं.

पंचविसावा दिवस

जुलैच्या चौथ्या आठवड्यात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याशी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या बावड्यातल्या घरांत ३९ म्हटलं की सामान वर चढायला लागतं. पत्नी म्हणाली, “अहो, तुम्ही खुर्चीत बसून नुसतं सांगा.” आई म्हणाली, “डब्यांचं काय वजन असतंय, पोरगी एकटी किती करंल?” रुग्णाने वजन खरंच उचललं नाही. जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभं राहून मुलीच्या हातातले डबे, गाठोडी घ्यायची आणि वळून माळ्यावर सरकवायची, असं वीसेक मिनिटं चाललं. एकेक वस्तू किलोच्या आत. पण प्रत्येक वेळी कंबर पिळली आणि हात डोक्यावर गेला.

संध्याकाळी डाव्या पायातल्या झिणझिण्या गेल्या. त्याऐवजी डाव्या बरगडीखाली, पट्टा बांधल्यासारखे झटके येऊ लागले. ही खूण पक्की असते. तार मध्यावरून बाजूला कलली की बरगडीकडे जाणाऱ्या नसेचं मूळ उत्तेजित होतं. पायाचं दुखणं रात्री सहावर गेलं.

शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येण्याच्या बेतात होतं, पुण्याला निघण्यात अर्थ नव्हता. मग घरूनच जे करता येण्यासारखं होतं ते केलं. बरगडीत झटके देणारा प्रोग्राम (स्पंदनांची ठरवून दिलेली मांडणी) बंद केला. रिमोटमध्ये तीन प्रोग्राम होते, दुसऱ्यावर पायात थोडी जाणीव उरली होती, तोच सर्वांत कमी जोरावर ठेवला. पायांची ताकद आणि लघवी ठीक आहे ना, हे फोनवरून विचारून घेतलं गेलं. प्रीगॅबलिन डॉक्टरांच्या सांगण्याने परत १५० वर नेलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरातच पाठीचा समोरून आणि बाजूने एक्स-रे काढला.

इथे एक गोष्ट कामी आली. ऑपरेशननंतर लगेचच्या एक्स-रेचा फोटो मुलीच्या मोबाइलमध्ये होता. नवा एक्स-रे एकट्याने बघून तार सरकली की नाही हे सांगणं अवघड असतं. जुन्याशी मणका मोजून ताडायला लागतं. डावी तार सुमारे एक सेंटिमीटर खाली, म्हणजे दीडेक संपर्कबिंदू, आणि टोक किंचित बाहेर कललेलं. उजवी जागेवर. पहिला एक्स-रे फाइलमध्ये, आणि फाइल पुण्यात, असं असतं तर चार दिवस वाया गेले असते.

या अवस्थेत रुग्ण हमखास करतात ती चूक: मुंग्या कुठल्या स्थितीत परत येतात ते शोधायला वाकून, वळून, आळस देऊन बघणं. त्याने तार आणखी सरकते. पडून राहायचीही गरज नाही. सपाट जागेवर चालायचं, बाकी तेच तीन नियम, आणि आठवड्यांची मोजणी पुन्हा एकपासून.

वीज गेली तर काय, हाही प्रश्न त्याच रात्री आला. चार्ज होणाऱ्या बॅटरीला रोज थोडा वेळ किंवा आठवड्यातून एक-दोनदा काही तास चार्जर लावावा लागतो. जोर जास्त असला की लवकर उतरते. पावसाळ्यात ती अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही आणि बाहेरचा चार्जरही भरलेला ठेवायचा. चार्जर कोमट होतो, म्हणून पातळ सुती कापडावरून लावायचा आणि लावून झोपायचं नाही. चार्जिंग पूर्वी जमत होतं आणि अचानक जमेना, तर बॅटरी कातडीखाली उलटली असण्याची शक्यता धरायची. तिथे चाचपून, फिरवून बघण्याचा मोह टाळायचा.

पाणी उतरल्यावर पुण्यात तपासणी झाली. आधी तारांचा विद्युत विरोध मोजला. तो फार चढला असता तर तार तुटली किंवा जोड सुटला असं मानावं लागलं असतं. आकडे ठीक होते, म्हणजे फक्त सरकली होती. डाव्या तारेचे खालचे बिंदू बंद केले, वरचे दोन आणि उजव्या तारेचे मधले असे जोडून नवा प्रोग्राम केला. दीड तास लागला. पोटरी आणि घोट्यातला आराम परत मिळाला, अंगठ्याची आग थोडी राहिली. पुन्हा ऑपरेशन करून तार जागेवर आणण्याचा पर्याय समोर ठेवला होता, रुग्णाने नाकारला. आमच्या मते बरोबर केलं. दुखणं चारवर टिकत असेल तर अंगठ्यासाठी पाठ पुन्हा उघडण्यात फायद्यापेक्षा जंतुसंसर्गाची जोखीम मोठी.

कामावर परत

तीन महिन्यांनी दुखणं तीन ते चार, चालणं दीड किलोमीटर न थांबता, झोप सहा तास, ट्रॅमाडॉल बंद, प्रीगॅबलिन ७५ दोन वेळा. पावलाचा बधिरपणा होता तसाच आहे. मेलेली नस यंत्राने जिवंत होत नाही, हे आधीच सांगितलेलं असलं की निराशा होत नाही.

दुचाकी आठव्या आठवड्यानंतरच, इथे मोजणी नव्याने धरल्यामुळे आणखी उशिरा. झिणझिण्या जाणवणारा प्रोग्राम चालू ठेवून गाडी चालवायची नाही, कारण खड्ड्यात आपटल्यावर अचानक झटका बसतो आणि हँडल सुटतं. मागे बसणारा चालू ठेवू शकतो.

फाउंड्रीचा प्रश्न मात्र वेगळाच निघाला. वजन उचलणं सुपरवायझरला टाळता येतं; इंडक्शन फर्नेसचं (विजेच्या कॉइलने धातू वितळवणाऱ्या भट्टीचं) चुंबकीय क्षेत्र टाळता येत नाही. भट्टीच्या कॉइलजवळ, भंगार उचलणाऱ्या विद्युतचुंबकाखाली आणि आर्क वेल्डिंगच्या शेजारी यंत्र अचानक जोर बदलू शकतं, बंद पडू शकतं किंवा तारेत प्रवाह निर्माण होऊ शकतो. यंत्राच्या पुस्तिकांमध्ये याच जागांबद्दल सावध केलेलं असतं. किती अंतर सुरक्षित हे मॉडेल आणि भट्टीच्या ताकदीवर ठरतं, म्हणून कारखान्याने कंपनीच्या तंत्रज्ञाकडून लेखी उत्तर मागवलं. ते येईपर्यंत त्याला मेल्टिंगच्या शेडपासून दूर पॅटर्न स्टोअर आणि डिस्पॅचच्या टेबलावर बसवलं आहे. पगार तोच, ओव्हरटाइम गेला. महिन्याच्या हिशेबात तो भरून कसा काढायचा, यावर घरात अजून बोलणं चालू आहे.